होकार कोणाचा, नकार कोणाचा?

(निपाणी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय पैशांचा आहे, आणि त्यातही फक्त दोन-तीन सेकंदांचा आहे. दुकानात आपण कार्ड मशीनला लावतो, पिन दाबतो आणि पडद्याकडे बघत थांबतो. तेवढ्या वेळात कुठेतरी ठरते की हा व्यवहार होऊ द्यायचा की नाही. हे कोण ठरवते, कशावरून ठरवते आणि चुकले तर जाब कोणाला विचारायचा, याबद्दल मला बोलायचे आहे. हल्ली भाजीवालीकडेही क्यूआर कोड असतो, मग कार्डाचे काय घेऊन बसलात, असे काहींना वाटेल. पण फोनवरून पैसे पाठवतानाही हाच निर्णय मागे चाललेला असतो. कार्डाची कथा जुनी आहे आणि तिच्यात सगळे धागे स्पष्ट दिसतात, म्हणून मी कार्ड धरून बोलतो.

शनिवार, ११ ऑगस्ट २०१८. महिन्याचा दुसरा शनिवार, बँका बंद. १९०६ साली पुण्यात स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या डेबिट कार्डांवर त्या दिवशी काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे १२ हजार वेळा पैसे काढले गेले. रक्कम होती ७८ कोटींच्या आसपास. भारतातही सुमारे २,८०० वेळा मिळून अडीच कोटी निघाले. त्यातले काही आपल्या शेजारच्या कोल्हापुरातल्या एटीएममधून निघाले. सोमवारी, १३ तारखेला, आंतरराष्ट्रीय पैसे पाठवण्याच्या स्विफ्ट यंत्रणेतून आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटींवर.

तिजोरी कोणी फोडली नाही. चोरांनी फोडले ते उत्तर देणारे यंत्र. बँकेत ‘स्विच’ नावाची व्यवस्था असते. एटीएमवर कोणी पैसे मागितले की ती मागणी स्विचकडे येते. स्विच बँकेच्या मुख्य संगणकीय खातेवहीला विचारतो की हे कार्ड आपले आहे का, चालू आहे का, खात्यात एवढी रक्कम आहे का. मिळेल ते उत्तर तो परत पाठवतो. हल्लेखोरांनी बँकेच्या संगणकांत घुसून या स्विचच्या जागी एक खोटा स्विच उभा केला. नकली कार्डावर मागणी आली की खातेवहीला न विचारता हा खोटा स्विच ‘द्या’ म्हणून मोकळा व्हायचा. म्हणून खातेदारांच्या शिलकीतून काही कमी झाले नाही. खातेवहीला विचारलेच नव्हते, तर ती वजाबाकी कशी करणार? पैसे गेले ते बँकेचे.

आदल्याच दिवशी, १० ऑगस्टला, अमेरिकेच्या एफबीआयने बँकांना गोपनीय इशारा दिला होता की एखाद्या बँकेच्या एटीएम यंत्रणेवर असा जागतिक हल्ला होऊ घातला आहे. पुढे २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ गटाच्या अहवालात या हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला गेला. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. ही पोलिसांची आणि न्यायालयाची बाजू झाली. मला यातली एक वेगळी गोष्ट फार महत्त्वाची वाटते. पुण्यात मूळ असलेल्या एका सहकारी बँकेची कार्डे एकाच दुपारी २८ देशांत वापरली जात होती. कुठल्याही शाखेतल्या जुन्या रोखपालाने हे कागदावर पाहिले असते तर तो खुर्चीतून उठला असता. सगळी माहिती यंत्रांतून वाहत होती. कोणते कार्ड, कुठले एटीएम, कोणता देश, किती रुपये, कितव्या सेकंदाला, सगळे नोंदले जात होते. त्या दिवशी हजारो वेळा ‘होय’ म्हटले गेले, आणि त्यातल्या एकाही होकारामागे बँक उभी नव्हती.

हा झाला बिनमालकाचा होकार. आता बिनमालकाच्या नकाराकडे येतो, कारण तो तुमच्या-माझ्या वाट्याला जास्त येतो.

बेळगावच्या खडेबाजारात एक बाई ४,२०० रुपयांची साडी घेतात, असे धरू. दुकानदार मशीनवर रक्कम टाकतो, बाई कार्ड घालून पिन दाबतात. त्याबरोबर एक छोटा संदेश निघतो. त्यात कार्डाचा क्रमांक असतो, रक्कम असते, वेळ असते, मशीनचा क्रमांक असतो, दुकानाचे नाव आणि गाव असते, दुकान कोणत्या प्रकारचे आहे हे सांगणारा चार आकडी संकेत असतो आणि कार्ड मशीनमध्ये घातले, नुसते टेकवले की त्याचा क्रमांक हाताने टाइप केला, हेही असते. या संदेशाचा साचा जगभर जवळपास एकच आहे. आयएसओ ८५८३ या नावाने तो १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. संदेश आधी दुकानदाराच्या बँकेकडे जातो, तिथून रुपे, व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या जाळ्यात आणि तिथून बाईंच्या बँकेकडे. उत्तर त्याच वाटेने परत येते, आणि ते उत्तर दोन आकड्यांचे असते. ०० म्हणजे मंजूर. ५१ म्हणजे खात्यात पुरेसे पैसे नाहीत. ५४ म्हणजे कार्डाची मुदत संपली. ५५ म्हणजे पिन चुकला. ९१ म्हणजे बँकेची यंत्रणा उत्तर देत नाही; याला आपले दुकानदार ‘सर्व्हर डाउन’ म्हणतात.

आणि एक आहे ०५. त्याचा अर्थ एवढाच की हा व्यवहार स्वीकारू नका. का, ते सांगितलेले नाही. पैसे आहेत, पिन बरोबर आहे, मुदत शिल्लक आहे, तरीही नको. संशयावरून दिलेला नकार बहुतेकदा याच आकड्याच्या आड येतो. दुकानदाराला पडद्यावर ‘डिक्लाइन्ड’ एवढेच दिसते. तो बाईंना विचारतो, “दुसरं कार्ड आहे का?” मागे उभी असलेली माणसे बघत असतात. बाईंच्या चेहऱ्यावर जे येते ते कुठल्याही नोंदवहीत येत नाही.

हा संशय यंत्रात आला कसा, याला थोडा इतिहास आहे. सप्टेंबर १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात ६० हजार कार्डे घरोघर टपालाने पाठवून दिली. लोकांनी मागितली नव्हती. त्यातून पुढे व्हिसा उभी राहिली. तेव्हा यंत्र नव्हते. ठरावीक रकमेपर्यंत दुकानदाराने स्वतःच्या जबाबदारीवर कार्ड घ्यायचे, त्यावर गेले की बँकेला फोन करून परवानगी मागायची. चोरीच्या कार्डांच्या छापील याद्या दुकानांत पाठवल्या जात. आपल्याकडेही मोठ्या दुकानांत अशा याद्या आणि कार्बनवर कार्ड दाबून घेणारी लोखंडी मशिने होती, ज्येष्ठांना आठवत असतील. १९७३ मध्ये व्हिसाच्या पूर्वसूरींनी ही विचारपूस संगणकावर आणली. नंतर १९९२ मध्ये अमेरिकेतल्या एचएनसी सॉफ्टवेअर या कंपनीने ‘फाल्कन’ नावाची यंत्रणा बाजारात आणली, आणि इथे खरा बदल झाला. तोपर्यंत यंत्र विचारत होते, ‘पैसे आहेत का?’ आता ते विचारू लागले, ‘हे या माणसासारखे वागणे आहे का?’

या दुसऱ्या प्रश्नासाठी आपला मागचा सगळा व्यवहार लागतो. आपण महिन्याला किती खर्चतो, कोणत्या दुकानांत जातो, दिवसा की रात्री, एका तासात किती वेळा कार्ड वापरले, मागचा व्यवहार जिथे झाला तिथून इथपर्यंत एवढ्या वेळात येता येते का. लाखो माणसांच्या अशा नोंदींवरून आणि पूर्वी पकडलेल्या फसवणुकींवरून यंत्र प्रत्येक व्यवहाराला संशयाचे गुण देते. गुण एका रेषेच्या वर गेले की नकार. सेकंदाच्या लहानशा हिश्श्यात हे होते. मी याच्या विरुद्ध नाही, हे स्पष्ट सांगतो. कॉसमॉसच्या बाबतीत वाहत्या व्यवहारांवर अशी नजर ठेवणारा आणि लगेच हात धरणारा जागा असता, तर ७८ कोटींपर्यंत गोष्ट गेली नसती. आयुष्यभराची कमाई एका फोनवर गमावलेली माणसे आपल्या जिल्ह्यातही आहेत. यंत्राची नजर हवीच.

पण या नजरेचे एक गणित आहे, ते बाहेर कधी सांगितले जात नाही. आकडे मी समजायला सोपे घेतो, कुठल्या बँकेचे नाहीत. एक लाख व्यवहार झाले, त्यांतले १० फसवे आहेत. यंत्र इतके चांगले की १० पैकी ९ चोर पकडते, आणि प्रामाणिक माणसांत शंभरात फक्त एकाला चुकून अडवते. ऐकायला किती छान वाटते! आता हिशेब करा. फसवे १० सोडले तर उरतात ९९,९९०. त्यांच्यातला शंभरात एक म्हणजे जवळजवळ एक हजार. म्हणजे यंत्राने अडवलेल्या १,००९ व्यवहारांत चोर ९ आणि बाकी हजार माणसे स्वतःचेच पैसे स्वतःच्याच कामासाठी वापरणारी. रेषा खाली आणली तर आणखी प्रामाणिक लोक अडतील, वर नेली तर चोर सुटतील. रेषा कुठे ओढायची, हा गणिताचा प्रश्न उरत नाही. कोणाचा त्रास किती मोजायचा, याचा तो निर्णय आहे. चोर सुटला तर बँकेचे नुकसान रुपयांत दिसते. प्रामाणिक माणूस अडला तर बँकेच्या वहीत काहीच दिसत नाही. मग रेषा कोणत्या बाजूला सरकेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

आणि हे हजार कोण असतात? सगळ्यांना सारखीच शक्यता असती तर एक वेळ चालले असते. ज्याचे वागणे यंत्राच्या सरासरीत बसत नाही, तो आधी अडतो. आपल्या सीमाभागाचा संबंध इथे येतो.

निपाणीचा एखादा कामगार सकाळी इथे दूध घेतो, कोगनोळी नाका ओलांडून कागलच्या औद्योगिक वसाहतीत कामावर जातो, संध्याकाळी कोल्हापुरात मुलीची फी भरतो आणि रात्री घरी येऊन इथल्या पेट्रोल पंपावर गाडीत तेल भरतो. कर्नाटक, महाराष्ट्र, महाराष्ट्र, कर्नाटक. मुंबईत बोरिवलीहून चर्चगेटला जाणारा माणूस जवळपास तेवढेच अंतर कापतो, पण त्याचे राज्य बदलत नाही. चंदगड तालुक्यातल्या लोकांचे तर बाजार, दवाखाना, लग्नाचा बस्ता, सगळे बेळगावला. शिनोळी ओलांडली की त्यांचे राज्य बदलते आणि पंधरा-वीस मिनिटांत ते शहरात असतात. चोर्ला घाटाने गोव्याला रोज ये-जा करणारे भाजीचे व्यापारी तिसरे राज्य जोडतात. आपल्यासाठी हा सगळा एकच टापू आहे. ज्या यंत्रात ‘राज्य बदलले’ ही संशयाची खूण म्हणून घातलेली असेल, त्याच्या दृष्टीने आपण सगळेच रोज संशयित. चांगली यंत्रणा एकेका माणसाची सवय शिकते आणि या माणसाचे हे नेहमीचेच, असे ओळखते. पण शिकायला तिला त्या माणसाचा भरपूर मागचा व्यवहार लागतो. ज्याच्याकडे तो नाही, त्याचे काय?

निपाणीतल्या एका विडी कामगार बाईची कल्पना करा. २८ ऑगस्ट २०१४ ला जनधन योजना सुरू झाली, तेव्हा त्यांचे खाते निघाले, रुपे कार्ड मिळाले. ते ट्रंकेत साडीच्या घडीत ठेवलेले. पैसे लागले तर त्या बँकेत जाऊन स्लिप भरतात. एके रात्री नवऱ्याला बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात न्यावे लागते. काउंटरवर अठरा हजार भरायला सांगतात. खात्यात बचतीचे पैसे आहेत. त्या पहिल्यांदा कार्ड काढतात. आता यंत्राला काय दिसते? वर्षानुवर्षे न वापरलेले कार्ड, अचानक मोठी रक्कम, रात्रीचे अकरा, घरापासून पाऊणशे किलोमीटर लांब. चोरीच्या कार्डाचे वर्णनही नेमके असेच असते. यंत्र नकार देते. बँकेचा फोन किंवा संदेश गेलाच तर तो खात्याला जोडलेल्या नंबरवर जातो, आणि तो नंबर असतो पुण्यात कामाला असलेल्या मुलाचा. तो रात्रपाळीला, फोन लॉकरमध्ये. संदेश इंग्रजीत. आयुष्यात माणसाला पैशांची सर्वांत जास्त गरज ज्या क्षणी पडते, तोच क्षण यंत्राला सर्वांत संशयास्पद दिसतो. हे फार गंभीर आहे, आणि आपोआप सुधारणारे नाही.

या नकाराबद्दल दुसऱ्या दिवशी शाखेत विचारायला गेले तर काय होते, तेही सांगतो. लहान सहकारी बँकांकडे बहुधा स्वतःचा स्विच नसतो. त्या तो एखाद्या सेवा पुरवणाऱ्या कंपनीकडून किंवा मोठ्या बँकेमार्फत घेतात. संशयाचे नियम त्या कंपनीच्या यंत्रात असतात. बँकेची यंत्रणा बंद असेल तर कार्डाचे जाळेही तिच्या वतीने आपल्या नियमांनी उत्तर देऊ शकते. म्हणजे तुमच्या शाखेचा व्यवस्थापक, जो तुम्हाला नावाने ओळखतो, त्यालाही खरोखर ठाऊक नसते की काल रात्री ‘नाही’ कोण म्हणाले. तो सांगतो, “वरून झालंय, परत करून बघा.” तो खोटे बोलत नसतो. उत्तर दिले गेले आहे, उत्तर देणारा सापडत नाही.

निपाणीच्या माणसाला हा अनुभव नवा नाही. तंबाखू घेऊन वखारीत गेलेल्या शेतकऱ्याच्या मालाची प्रत व्यापारी ठरवायचा, भावही तोच सांगायचा. का, हे विचारायची सोय नव्हती. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली याच पुणे-बंगळूर रस्त्यावर हजारो शेतकरी ठाण मांडून बसले. ६ एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले. मागणी भावाची होती; पण आपल्या घामाची किंमत दुसऱ्याने ठरवायची आणि कारणही द्यायचे नाही, याचा संताप त्याच्या मुळाशी होता, असे मी मानतो. आज यंत्र आपल्या व्यवहाराची प्रत लावते आहे. वखारीतल्या व्यापाऱ्याला निदान तोंड होते, त्याच्या दारात जाऊन बसता येत होते.

बँकवाले माझ्याशी एका मुद्द्यावर वाद घालतात, आणि त्यात तथ्य आहे. कारण सांगितले तर चोर नियम शिकेल, असे ते म्हणतात. पाच हजारांवर अडते हे कळले की तो ४,९०० चा व्यवहार करेल. बरोबर आहे. पण कारण दुकानाच्या मशीनवर झळकवा असे मी म्हणतच नाही. ते खातेदाराला सांगा, त्याच्या फोनवर, त्याच्या भाषेत. ‘तुमचे कार्ड रात्री ११ वाजता बेळगावच्या रुग्णालयात वापरले गेले. तुम्हीच असाल तर १ दाबा.’ होकार आणि नकार यांच्या मध्ये विचारणे नावाची एक पायरी असते. ती असलेल्या यंत्रणा आहेत. ती सगळीकडे असायला हवी, आणि फोन नंबर मुलाचा असेल तर त्यावर उपाय शोधायला हवा. खाते उघडताना स्वतःचा नंबर जोडा, असे प्रत्येक बाईला सांगणारा एक माणूस शाखेत असला तरी पुष्कळ होईल.

रिझर्व्ह बँकेने काहीच केलेले नाही, असे कोणी म्हणू नये. कॉसमॉसनंतर नागरी सहकारी बँकांसाठी आधी ऑक्टोबर २०१८ मध्ये मूलभूत आणि ३१ डिसेंबर २०१९ ला श्रेणीवार सायबर सुरक्षा चौकट आली. सहकारी बँकांच्या ग्राहकांसाठी १४ डिसेंबर २०१७ ला परिपत्रक निघाले. ते आपण प्रत्येकाने लक्षात ठेवावे. ना बँकेची चूक, ना तुमची, तिसऱ्याच कोणी पैसे काढले आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत तुम्ही बँकेला कळवले, तर तुमची जबाबदारी शून्य. ती रक्कम दहा कामकाजी दिवसांत खात्यात तात्पुरती जमा व्हायला हवी. २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार एटीएममध्ये किंवा दुकानातल्या मशीनवर खात्यातून पैसे कापले गेले आणि व्यवहार पूर्ण झाला नाही, तर पाच दिवसांत ते परत आले पाहिजेत. नाही आले तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही तुम्ही न मागता. जानेवारी २०२० च्या आदेशानुसार कार्डाचा परदेशातला आणि ऑनलाइन वापर स्वतः चालू-बंद करण्याची सोय आहे. ती वापरा. मशीनची पावती जपा, किंवा तिचा फोटो काढून ठेवा, कारण तो कागद काही महिन्यांत पांढरा पडतो. तिच्यावर आरआरएन म्हणून बारा आकड्यांचा क्रमांक असतो. तक्रार करताना तो दिला की बँकेला व्यवहार शोधता येत नाही, असे म्हणता येत नाही. फसवणूक झाली तर १९३० वर लगेच फोन करा, पहिला तास फार मोलाचा असतो.

पण या सगळ्या नियमांकडे नीट बघा. पैसे गेले तर भरपाई आहे, पैसे अडकले तर भरपाई आहे. चुकून नाकारले तर? भरपाईच्या त्या यादीत चुकीच्या नकाराला जागाच नाही. कारण कापले काहीच गेले नाही. दवाखान्याच्या काउंटरवर गेलेला तो तास हिशेबात धरायला आपण अजून शिकलेलो नाही. आणि संशयाचा वापर वाढणार आहे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये काढलेल्या निर्देशांत, ज्यांच्या अंमलबजावणीची तारीख १ एप्रिल २०२६ आहे, व्यवहाराचे ठिकाण, ग्राहकाच्या सवयी, त्याचे उपकरण आणि मागचा व्यवहार पाहून जोखीम ठरवायला बँकांना मोकळीक दिली आहे. दिशा योग्य आहे. नुसत्या ओटीपीवर विसंबण्यापेक्षा ती बरी. पण त्या यादीतला पहिलाच शब्द ‘ठिकाण’ आहे, आणि आपण ज्या ठिकाणी राहतो ते ठिकाण यंत्राला कळायला अवघड आहे. मुंबईत बसून नियम लिहिणाऱ्याला कोगनोळीचा नाका ही रोजची वाट आहे, हे आपल्याशिवाय कोण सांगणार?

युरोपात कायद्याने माणसाला एक हक्क दिला आहे. आपल्यावर मोठा परिणाम करणारा निर्णय केवळ यंत्राने घेतला असेल, तर त्यात माणसाने लक्ष घालावे अशी मागणी करण्याचा. तिथल्या विदासंरक्षण कायद्याचे ते २२ वे कलम आहे. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदासंरक्षण कायदा झाला, त्यात इतका स्पष्ट हक्क नाही. तो यावा, असे माझे मत आहे. मात्र दिल्लीत कायदा बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसायची आपल्याला गरज नाही, कारण आपल्या हातात एक गोष्ट आहे जी मुंबई-बंगळूरच्या मोठ्या बँकांच्या ग्राहकांच्या हातात नाही.

बेळगाव, निपाणी, चिकोडी, कोल्हापूर हा सगळा सहकाराचा मुलूख आहे. या सभागृहात बसलेल्यांत कोणत्या ना कोणत्या सहकारी बँकेचा सभासद नाही असे घर क्वचितच असेल. सभासद म्हणजे मालक. बँकेने कोणत्या कंपनीचा स्विच घेतला, तिच्याशी करारात काय लिहिले, संशयाचे नियम कोण ठरवते आणि बदलते, रात्री-बेरात्री नकार आला तर मराठीत किंवा कन्नडमध्ये बोलणारा माणूस फोनवर सापडतो का, हे विचारायचा अधिकार मालकाला आहे. बँका वार्षिक अहवालात ठेवी छापतात, कर्जे छापतात, थकबाकी छापतात. अडवलेल्या व्यवहारांतले किती खरोखर फसवे निघाले आणि किती आपल्याच सभासदांचे प्रामाणिक व्यवहार होते, हे दोन आकडे छापायला जागा फारशी लागत नाही. ते मोजायला मात्र लागतात, आणि मोजू लागले की रेषा कुठे आहे याकडे संचालक मंडळाचे लक्ष आपोआप जाईल.

वार्षिक सर्वसाधारण सभा साधारण सप्टेंबरपर्यंत होतात. लाभांश किती, एवढे विचारून आपण चहा घेऊन घरी येतो. या वर्षी उठून उभे राहा आणि लेखी प्रश्न द्या: गेल्या वर्षी आपल्या बँकेच्या नावाने किती सभासदांचे बरोबर असलेले व्यवहार नाकारले गेले, आणि त्या प्रत्येक नकाराला जबाबदार अधिकारी कोण? उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या.